खुर्ची रेडिओजवळ

प्रिय बाबा,

मी गाव सोडलं म्हणूनच आपला बेसबॉल संघ जिंकू लागला का? घरातली पहिली पदवीधर असूनही मला याचं उत्तर देता येत नाही. एप्रिलमध्ये मी न्यू मेक्सिकोत शिकवायला आले, तेव्हा तुम्ही फोनवर हसलात, "पोरी, तुझाच पायगुण आड येत होता! आता हंगाम संपेपर्यंत ओहायोकडे फिरकू नकोस." म्हणून उन्हाळ्याच्या सुटीतही आले नाही.

मी बरी आहे. इथली मुलं गुणी आहेत. शनिवारी संघ विभागात पहिला आला. रेडिओवर शेवटचा झेल ऐकून मी रिकाम्या वर्गात एकटीच ओरडले आणि तुमच्याकडे बघायला मान वळवली.

आई लिहिते, तुम्ही आता ओसरीवर बसत नाही, सामने पलंगावरूनच ऐकता. खोकला कमी आहे ना? डॉक्टरांकडे गेलात का?

पुढच्या फेरीत संघ हरला, तर मला खुशाल बोल लावा, पण समोर बसवून. माझी खुर्ची पलंगाशी, रेडिओजवळ ठेवायला आईला सांगा. कालच मी रजा घेतली आणि बसचं तिकीट काढलं.

तुमची अपशकुनी,
वांडा