माउथपीसवरचे दोन खड्डे

२ एप्रिल
पेटीतून क्लारनेट काढली. रुचिता, माही नात, जयंतीच्या मिरवणुकीत वाजवीन म्हणते. वाजव! माहा बुढा गेल्यापासून पडूनच आहे.

बुढा गेला तवा मीच माउथपीस राखेनं खसाखसा घासला होता. किती तो काळा चिकट मळ! नखानं खरडून काढला. खाली दोन खड्डे दिसले — बुढ्याच्या वरच्या दातायचे. तवा रडली. बस.

रुचिताले म्हटलं, आजाच्या खड्ड्यात दात बसव अन् फुक. आवाज बुढ्याचाच निघाला पायजे. मले तोच आयकाचा आहे.

४ एप्रिल
मच्छर भणभणल्यावानी आवाज!

७ एप्रिल
यादोराव आले, बुढ्याच्या जोडीचे बँडवाले. "जय भीम वयनी, चहा ठेवा, मंग पाह्यतो."

पोट्टीले म्हणे, "खालचा ओठ दातावर पातळसा दुमड. चावू नको, भाकर आहे का ते? हनुवटी ताण. गाल नको फुगवू." मंग म्हणे, "माउथपीस आणखी आंदर घे. खड्डे टोकाशी आहेत, दात घसरून तिथंच जाऊन राहिले. खाली बांधलेल्या येताच्या पत्तीले हालाले जागा कुठं आहे? वरून रबराची पट्टी चिकटव."

मी म्हटलं, बुढ्याच्या खुणेवर पट्टी? मी मेल्यावर लावजा! यादोराव काही बोलाले गेले. मी म्हटलं, चहा प्या.

९ एप्रिल
रुचिताच्या ओठाले आतून चीर पडली. भाजी झोंबते. म्हणे, "आजी, तुले आबा पायजे. तो मी कुठून आणू?" क्लारनेटची पेटी बंद केली. वाजवत नाई म्हणते. पोट्टीले जबान आली!

१० एप्रिल
धानाच्या रोवण्याच्या दिवसात बुढा वावराच्या धुऱ्यावर बसून वाजवे. मी बांदीतल्या पाण्यातून ओरडू, "कायले बोंबलून राहिला, रोवाले पऱ्हे आण!" आयके नाई. चिखलात कमर मोडे, पण हात त्याच्याच तालात चालत. हे त्याले कधी म्हटलं नाई. कोण म्हणते असं!

रुचिताले म्हटलं, लाव पट्टी. खड्डे काही वाजवत नाई.

१२ एप्रिल
लावली. फुकली. मी भाताच्या गंजातून पेज ओतून राहिली होती — गंज हातातच राह्यला. बुढाच! तोच जाडा, घोगरा, गोड आवाज! पट्टीतून कसा आला?

१४ एप्रिल
निळा फेटा बांधून पोट्टी सगळ्यायच्या पुढं. मी चपला हातात घेऊन मांगं मांगं. पाय दुखले नाई.

१५ एप्रिल
यादोराव आले, हसतच. "वयनी, त्या दिवशी तुम्ही बोलू देल्लं नाई. तुमच्या बुढ्यानं, हिरालालनं, माउथपीस नागपुरातून जुनाच आणला होता. खड्डे पह्यलेच होते, कोण्या दुसऱ्याचे. त्यानं आणल्याबरोबर काळी पट्टी लावली, मरेपर्यंत काढली नाई. त्याचे दात तर त्या पट्टीत रुतले होते."

काळी. चिकट.

नखानं खरडली होती मी.