गुरुजींविषयी दोन विधानं

आबा, परवा बी.एड.च्या मुलींना अभिवृत्ती मापनी शिकवत होते. शाळेविषयी मुलांच्या मनात काय आहे हे जाणून घ्यायचं तर विधानं कशी लिहायची, कुठली गाळायची, हे आता मला तोंडपाठ झालंय. एकीनं विचारलं, "मॅडम, तुमची पहिली मापनी कुणाला दिली होती?" एका खेड्यातल्या सातवीला, एवढंच म्हणाले. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही.

नव्वदनंतरची गोष्ट, मी एम.एड.ला होते. पिशवीत कागद घालून मी कोल्हापुरातून हुपरीची एसटी धरते आणि तुमच्या वर्गात येऊन उभी राहते. तुम्ही हात मागं बांधून फळ्याजवळ. घरी चांदीच्या कामाला बसून बोटं काळी पडलेली पोरं प्रत्येक विधानापुढं 'सहमत' अशी खूण करत सुटलीत. शाळा आवडते, गणित आवडतं, गृहपाठसुद्धा आवडतो. एक पोरगी शेजारणीला दटावते, "पावण्या बाई आल्यात, वंगाळ लिवू नगंस." मी ते कागद बाजूला ठेवले, नवे वाटले, नावं घालू नका म्हटलं आणि तुम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. लेकीनं बापाला त्याच्याच वर्गाबाहेर काढलं. तुम्ही बाहेर गेलात तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. तुम्ही जेवता जेवता विचारलंत, "काय म्हंत्यात पोरं?"

"बहुतेकांस्नी तुमचं भ्या वाटतंय, आबा."

"वाटायलाच पायजे की."

"आणि 'गुरुजी रजेवर असले की बरं वाटतं', याला न्हाय म्हणून लिवलंय बहुतेकांनी."

"ते उगंच. तुझी भीड पडली आसंल. भ्याचं तेवढं खरं." मग ताटाकडं बघतच म्हणालात, "तू बी हुतीस की माझ्या वर्गात. तू काय लिवलं असतंस?"

मी हसले आणि आमटी मागितली. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत.

माझ्या मार्गदर्शक बाईंनीही दुसरं, रजेचं विधान गाळायला लावलं. पहिल्याशी, भीतीच्या विधानाशी जुळत नाही, म्हणाल्या. त्यांचं शास्त्र होतं, तुमचा मात्र मला राग येतो. पोरं आपल्याला नुसती भितात, हेच धरून बसलात. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी पोरं रडली, तर "रीत असती" म्हणून मोकळे झालात.

हे पत्र पेटीत पडणार नाही, म्हणून तर लिहायचा धीर होतोय. मलाही तुमची भीती वाटायची. शाळेत गुरुजी म्हणताना तर जीभ अडखळायची. पण रजेच्या विधानाचं सांगायचं तर, मी तुमच्या वर्गात असताना तुम्ही एकदा निवडणुकीच्या कामाला गेला होता. वर्गावर दुसऱ्या बाई, पाढे नाहीत, छडी नाही, सकाळपासून नुसता खेळ. मी मधल्या सुट्टीत पोट दुखतंय म्हणून घरी आले. आईनं ओवा दिला, तो चावत दुपारभर पडून राहिले. आबा, पोट दुखत नव्हतं.