तळ्याकडे तोंड केलेली खुर्ची

४ सप्टेंबर

ती. वहिनीस,
ठकीचा शि. सा. न. वि. वि.

क्लबचं पत्रक घडी करून पाकिटात घातलंस आणि सोबत एक ओळही लिहिली नाहीस. यावरून तुला माझं मत हवं आहे हे मी ओळखलं. मत फुकट आहे, म्हणून भरपूर देते.

मला समजलं ते असं. दादाने घेऊन ठेवलेला टाइमशेअर, म्हणजे तळ्याकाठच्या इमारतीतली ती तिसऱ्या मजल्यावरची खोली, दर ऑक्टोबरात एक आठवडा तुमची. दादा गेल्यापासून तू तिकडे फिरकली नाहीस, म्हणून त्या आठवड्यांचे पॉइंट्स साठले. वर्षअखेर ते बुडणार. ते क्रूझवर खर्च केले तर दोघांची केबिन, खाणंपिणं सगळं त्यात भागतं, मात्र खोलीवरचा हक्क कायमचा सोडायचा. मग अडलंय कुठे? ज्या खोलीत तू जात नाहीस ती कोणासाठी राखून ठेवतेस?

तू दादाच्या चष्म्याच्या दुकानात बसून, नंबर तपासायच्या पाटीवरची अक्षरं लावत वाचायला शिकलीस आणि आता ग्रंथालयातली जहाजांवरची पुस्तकं संपवत आणली आहेस. पुस्तकातला समुद्र चालतो आणि खरा नको, हे काय? दादा बोटीत पाय ठेवायचा नाही, पण तुला पाणी आवडतं. तळ्यावर रोज सकाळी वल्ह्याची बोट घेऊन तूच जायचीस ना? मी सोबत आले असते, पण मला झोपाळ्यावरसुद्धा मळमळतं. एकटी जा, दोन्ही पलंगांवर आलटूनपालटून झोप.

उत्तर पत्राने दे. फोन केलास तर मी नुसती हो हो म्हणेन. छापखान्यातल्या यंत्रांनी माझे कान नेले ते काही परत दिले नाहीत.

लोभ आहे तेवढा राहू दे, वजाबाकी करू नकोस.
तुझी नणंद,
ठकी


११ सप्टेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. गुडघ्याला शेक देतेस ना?

खोली कोणासाठी राखून ठेवते, असं तू गमतीने विचारलंस. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू हसशील. हसलीस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

त्या मजल्याच्या चाव्या जिच्याकडे असतात ती बाई तुला आठवत असेल, ह्यांना साहेब साहेब म्हणायची. गेल्या ऑक्टोबरात आमचा आठवडा संपल्यावर तिने मला फोन केला. फार संकोचत बोलत होती. म्हणाली, साहेब आले होते ते कार्यालयात कळवलं नव्हतं का? कारण खोली तर रिकामी दाखवली होती. पण रोज सकाळी ती साफसफाईला जाई तेव्हा आतली मोठी लाकडी खुर्ची बाल्कनीत असे, तळ्याकडे तोंड करून. ती कोणाला तरी मदतीला घेऊन खुर्ची आत ओढून ठेवायची, दुसऱ्या सकाळी पुन्हा बाहेर. आणि खुर्चीच्या हातावर ह्यांचा असायचा तसा नॅपकीन, ओला. बाल्कनीचा उंबरा तू पाहिला आहेस. ती खुर्ची त्यावरून न्यायला मला आणि ह्यांना मिळून जोर लावावा लागायचा.

हे गेले हे त्या बाईला ठाऊकच नव्हतं. मी काय म्हणावं? मी म्हटलं, हो, आले होते, सांगायचं राहून गेलं. खोटं बोलले. पण ठके, वर्षभरात हे आहेत असं धरून बोलणारं पहिलं माणूस मला भेटलं होतं. माझ्याने तोडवेना.

मी तिकडे गेले नाही, कारण गेले आणि खुर्ची आतच राहिली तर? म्हणून ती खोली आहे तशी पडून राहू दे असं वाटतं. ह्यांना तो देखावा आवडायचा. मी बोटीतून हिंडत असायचे आणि हे वर खुर्चीत बसून तळं बघत राहायचे, चहा निवून जायचा तरी. तेवढं सुख काढून घेऊन मी क्रूझवर कशी जाऊ?

वेडी म्हण, पण माया कमी करू नकोस.
तुझी,
वहिनी


२० सप्टेंबर

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

हसले नाही. पहिल्या पानावर थोडं हसू आलं होतं, दुसऱ्यावर गेलं.

पण तू भलत्याच गोष्टी मनाला लावून घेतेस असं अजून वाटतं. चाव्या एकीकडे नसतात, चारचौघींकडे असतात. कोणीतरी कामावरची दमून रिकाम्या खोलीत बसत असेल. बसू दे बिचारीला. आणि दादा जर खरंच तिथे राहत असेल, तर बहिणीला बोलवायचं सोडून एकटाच मजा मारतोय, हे त्याला शोभत नाही.

मी सुचवते ते ऐक. यंदाचा आठवडा अजून तुझाच आहे. मी जाते त्या खोलीत. लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघ्याची सबब नको. डोळ्यांनी पाहते आणि तिथूनच तुला लिहिते. माझं पत्र येईपर्यंत खोली सोडण्याबद्दल क्लबला काहीही कळवू नकोस. वचन दे.

लोभ असावा आणि क्लबला कळवून टाक की साहेबांची बहीण येते आहे.
ठकी


११ ऑक्टोबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तू आज तिथे पोचली असशील. मी वचन मोडलं आहे, रागवू नकोस.

काल चाव्यांच्या बाईचा फोन आला. तू येणार हे तिला कळलं होतं. यंदा साहेबपण येणार का, जास्तीचे नॅपकीन ठेवू का, असं तिने विचारलं. तिच्या आवाजात इतकी आपुलकी होती की मला स्वतःची लाज वाटली. मी खरं सांगून टाकलं. मग हळू म्हणाली, बाई, मग ती खोली कोणाला तरी द्या. रोज माणसं राहायला लागली की बरं असतं, त्यांनाही आणि तुम्हालाही.

ते मला पटलं. किती दिवस एका बाईच्या चुकीवर मी संसार करणार? मी लगेच क्लबला फोन लावला. तिथल्या कारकुनाने हक्क सोडल्याचं माझ्या तोंडून वदवून घेतलं, नोंद केली आणि क्रूझवर किती जण, असं विचारलं. मी म्हटलं, दोघं. इतक्या वर्षांची सवय, जीभ आपली आपणच बोलली. केबिन दोघांचीच असते, म्हणून मी ते दुरुस्त करत बसले नाही.

तू आता तिथे उगाच जागत बसू नकोस. खोलीचा निरोप घे माझ्याही वतीने.

आहे ती ओढ राहू दे.
वहिनी


१२ ऑक्टोबर, तळ्याकाठच्या खोलीतून

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मिळताच क्लबला फोन कर आणि खोली सोडत नाही म्हणून सांग. कारण पुढे लिहिते, आधी फोन कर.

काल मी आले तेव्हा खुर्ची आत होती. मी मुद्दाम तिच्यावर माझी पिशवी ठेवली. आज सकाळी चांगलं ऊन पडलं होतं. कोपऱ्यातल्या शेगडीवर चहा ठेवला होता आणि मी अनवाणी उभी होते. मला ऐकू येत नाही, पण छापखान्यात यंत्र सुरू झालं की तळपायांना कळायचं, तशी घरघर फरशीतून तळपायांना लागली. थांबली. पुन्हा लागली, जोर कमी पडतो म्हणून कोणी दम घ्यावा तशी. मी वळले. पिशवी जमिनीवर होती, नीट उभी करून ठेवलेली. खुर्ची बाल्कनीत होती आणि तिच्या उजव्या हातावर नॅपकीन.

मी पळाले नाही. नॅपकीन उचलला. ओला होता आणि कोमट होता.

मग मी खुर्चीच्या मागे उभी राहून तिच्या तोंडासमोर काय आहे ते पाहिलं. देखावा डोंगराच्या बाजूला आहे वहिनी, सगळं पाणी तिकडे पसरलंय. खुर्ची तिकडे वळलेलीच नाही. ती बोटी सुटतात त्या लाकडी धक्क्याकडे बघते.

मला त्या क्षणी सगळं लख्ख आठवलं. आबा आम्हाला लहानपणी नावेतून नदीपलीकडे न्यायचे. दादा बसायचा नाही. काठावर उभा राहून नाव परत येईपर्यंत एकटक बघायचा. मी एकदा चिडवलं तेव्हा म्हणाला होता की मी डोळे हलवले तर तुम्ही बुडाल. त्याच्या तळव्यांना इतका घाम यायचा की सदरा पुसून पुसून ओला होई. त्याला देखावा कधीच आवडला नाही. तू पाण्यात असायचीस म्हणून तो जागचा हलत नव्हता.

त्याच्या लेखी तू अजून तळ्यावरच आहेस. तो तुझी वाट बघत बसलाय. तू ये. बोट घेऊन जा आणि त्याला दिसेल अशी परत ये, म्हणजे तो उठेल.

मी आज खुर्ची आत घेतली नाही. माझ्याने घेववली नाही.

लवकर ये, एवढाच लोभ कर.
ठकी


१८ ऑक्टोबर

चि. ठकीस,
आशीर्वाद.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. क्लबला तीनतीनदा विनवलं. कारकून सभ्य होता, पण म्हणाला की सोडलेला हक्क परत देता येत नाही, खोली एका कुटुंबाला गेली. एक दिवसासाठी तरी द्या म्हटलं, तेही नाही.

ठके, मी पाण्यातून ह्यांना हात करायचे. हे कधी उलट हात करायचे नाहीत. नुसते बघत राहायचे. मी वर येऊन रुसायचे की माणसाने कौतुकाने एकदा तरी हात हलवावा. हे म्हणायचे, राहिलं. त्या नॅपकीनवरचे हात त्यांना उचलता येत नव्हते हे मला कसं कळलं नाही? आणि आता मी त्यांची बसायची जागाही विकून आले आणि बदल्यात आणखी मोठं पाणी घेतलं.

क्रूझवर जायची इच्छा मेली आहे. तू म्हणशील तसं करेन.

मला बोल लाव, पण लिहायचं थांबू नकोस.
वहिनी


२ डिसेंबर

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

बोल लावायला मी कोण? तुला आग्रह करकरून पाठवायला निघालेली मीच होते.

चाव्यांच्या बाईचं चार ओळींचं पत्र आलं. मीच तिला पत्ता देऊन आले होते. त्या खोलीत आता लहान मुलं असलेलं एक कुटुंब राहून गेलं, मग आणखी कोणी. खुर्ची ठेवाल तिथे राहते. तू हक्क सोडलास आणि मी तिथून निघाले, त्यानंतर एकदाही हललेली नाही. बाई म्हणते, सुटले साहेब. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतका चिवट पहारेकरी कोणी जागेवरून उठवला म्हणून घरी जातो का?

पण तू जा. न जाऊन खोली परत मिळणार नाही. गरम शाल घे, जास्तीचा चष्मा घे, डेकवर कठड्याला फार रेलू नकोस. आता तुझ्याकडे कोण बघतंय हे मला माहीत नाही, म्हणून सांगते.

लोभाला समुद्राचं पाणी लागू देऊ नकोस.
ठकी


१९ डिसेंबर, जहाजावरून

चि. ठकीस,
समुद्रावरून अनेक आशीर्वाद. उद्या जहाज एका बंदराला लागेल, तिथे हे टाकेन.

निघालो त्या दुपारी मी डेकवर उभी होते. किनारा बारीक होत होत नाहीसा झाला. सगळे हात हलवत होते, मी हलवला नाही. मनात म्हटलं, आता मला बघायला कुठे उभे राहतील? काठच उरला नाही.

खाली केबिनमध्ये आले. केबिन छोटी, दोन पलंग, एक आरसा, आणि आरशासमोर खुर्ची. जहाज डोललं तरी सरकू नये म्हणून खुर्चीला जमिनीत आकडा असतो. सकाळी मी तिच्यावर पुस्तक ठेवून गेले होते. आता पुस्तक माझ्या उशीवर होतं, खूण हलू न देता ठेवलेलं. आकडा सुटलेला होता. खुर्ची बाहेरच्या हातभर बाल्कनीत होती.

तिची पाठ समुद्राकडे होती. तोंड आत, माझ्या पलंगाकडे. उजव्या हातावर नॅपकीन होता, पिळला तर पाणी गळेल इतका ओला.

जन्मभर बोटीत पाय न ठेवलेला माणूस गं.

केबिन आवरणारी बाई आली. तिने खुर्चीकडे पाहिलं, दोन पलंगांकडे पाहिलं, आणि साहेबांना जहाज लागतंय का, लिंबू आणून देऊ का, असं विचारलं. मी म्हटलं, हो, त्यांना पाण्याची सवय नाही. या वेळी मी खोटं बोलले नाही.

भीती वाटली का, असं तू विचारशील. वाटली. अजून वाटते. मानेवर कोणाची नजर असली की जसं होतं तसं सारखं होतं. पण मी डेकवर फार जात नाही. पलंगाच्या कडेला बसते, त्यांना समोर दिसेन अशी, आणि वाचते. नॅपकीन भिजला की कोरडा ठेवते. काल एक ठेवला तेव्हा तो माझ्या हातातून अलगद ओढला गेला.

आता तुझ्याकडे एक काम आहे. माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे आहेच. खिडकीजवळच्या खुर्चीवर मी पुस्तकांचा ढीग रचून ठेवला आहे, तो उचल. खुर्ची पुसून घे आणि तिचं तोंड दाराकडे कर. हातावर एक नॅपकीन ठेव, कोरडा.

लोभ असू दे, दोघांवर.
तुझी,
वहिनी