अंबूबाईंची हलती चित्रं

४ जानेवारी १९२१, मंगळवार

आजपासून रोजनिशी. ही कोणाला दाखवायची नाही.

संकल्प केला. हलती चित्रं करणार. कागदावर माणूस काढायचा, पुढच्या कागदावर त्याचा पाय किंचित पुढं, मग आणखी पुढं. एकेकाचा फोटो फिल्मवर घेतला की पडद्यावर माणूस चालू लागतो. विलायतेत होतंय म्हणे. कोल्हापुरात कोणी केलेलं नाही. मी ड्रॉइंग मास्तर आहे, हात तयार आहे. मग अडचण काय?

विषय : आमच्या गल्लीतल्या अंबूबाई सुईण. दोन वर्षांपूर्वी मानमोडीच्या तापाच्या साथीत लोक आपल्या माणसांना हात लावायला भीत होते, तेव्हा ही बाई पेजेची चरवी घेऊन घरोघर फिरली. आजाऱ्यांना मांडीवर घेऊन पाजलं. मुलांपुढं असं उदाहरण हवं. राजाराण्यांची चित्रं पुष्कळ झाली.

शमशुद्दीनकडं कॅमेरा आहे आणि खासबागेजवळ बायस्कोपचा तंबू. त्यानं लगेच होकार दिला. पाडव्याला खेळ लावायचा.

त्याच साथीत आमचा दिनू गेला. चार वर्षांचा होता. त्याचा या कामाशी संबंध नाही.

९ जानेवारी

अंबूबाईंची परवानगी घ्यायला गेलो. उन्हात बसून तांदूळ निवडत होत्या. चित्रांची कल्पना नीट समजावली. एज्युकेशनचा मुद्दाही मांडला. म्हणाल्या, "माझं त्वांड पोरास्नी कशाला दावतासा? भ्या वाटंल की." मोठ्या माणसांचा विनय असाच असतो. संमती धरून चाललो.

निघताना विचारलं, "शालूबाई बोलाय लागली का न्हाय अजून?" प्रकृती उत्तम आहे म्हणून सांगितलं. आमची मंडळी मुळातच कमी बोलते. पूर्वी जास्त बोलत असे, पण तो वयाचा भाग असावा.

१५ जानेवारी

मंडळींना सांगितलं. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "दिनू असनार व्हय त्यात?" म्हटलं, कलेत निवड करावी लागते, घरगुती गोष्टी आणून चालत नाही. तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. तव्यावरची भाकरी करपली. माझं म्हणणं पटलेलं दिसलं.

२ फेब्रुवारी

प्रोग्रेस चांगला. अंबूबाई घरातून निघतात, चरवी उचलतात, गल्लीतून चालतात, एवढं झालं. शमशुद्दीन बघायला आला. कागदांचा गठ्ठा अंगठ्यानं भराभर सोडून पाहिला. म्हणाला, "मास्तर, ही बाई चालतीया का लंगडतीया?" चालण्यात डौल ठेवला आहे, असं त्याला समजावलं. तो म्हणाला, "डौल एकाच पायात हाय मग." तंबूवाल्यांची दृष्टी वेगळी असते.

उद्यापासून पहाटे उठून काम.

३ फेब्रुवारी

पहाटे थंडी फार होती.

२० फेब्रुवारी

मधला एकच प्रसंग राहिला. अंबूबाई आजारी मुलाला मांडीवर घेतात. सोपा आहे. बसलेली बाई, निजलेलं मूल, हालचाल जवळपास नाही.

आज बसलो होतो. शाई फार पातळ निघाली.

२७ फेब्रुवारी

शाई बदलली. कागदावर शाई फुटते.

६ मार्च

कागदही बदलला. डोकं जड. शिवाय हेडमास्तरांनी उद्यापर्यंत सगळ्या वर्गांची चित्रं तपासून मागितली. कलावंताला नोकरी असू नये. दुपारी झोपलो.

१३ मार्च, रविवार

मार्ग सापडला! मूल बरं होतं. मुलांच्या चित्रपटात दुःख कशाला? अंबूबाई पेज पाजतात, मूल डोळे उघडतं, उठून बसतं, मांडीवरून उतरून पळत सुटतं. काय सुचलं! सकाळी बसलो तो दिवेलागणीपर्यंत उठलो नाही. जेवलो की नाही आठवत नाही. हात कुठंही अडला नाही. सगळ्या कामात हे पळणं उत्तम साधलं आहे. दोन्ही पायांनी पळतं.

१४ मार्च

कागद वाळायला दोरीवर टांगले होते. मंडळी झाडायला आली आणि केरसुणी हातात घेऊन उभीच राहिली. एकेक कागद बघून म्हणाली, "असा न्हवता पळत. हात आवळून पळायचा."

मी म्हटलं, हा दिनू नव्हे. हे सर्वसाधारण मूल आहे.

"मग कानात बाळी कशाला काढलीसा?"

पाहिलं. प्रत्येक कागदावर उजव्या कानात बाळी आहे. हाताची सवय. खोडायला बसलो, पण खोडलं की कागद खराब होतो. राहू दिली.

१० एप्रिल

पाडवा होऊन गेला. काम अपुरं. चांगल्या कामाला उशीर होतोच.

शमशुद्दीननं फोटो घ्यायला सुरुवात केली. कॅमेरा फळीला बांधून खाली तोंड, त्याखाली मी एकेक कागद सरकवायचा. काही कागदांवर त्याचा हात आला. एकदा माशी बसली आणि फोटो निघेपर्यंत उठली नाही. परत घेऊ म्हटलं, तर म्हणाला, "आजाऱ्याच्या घरात माशा असत्यातच की." हे मला पटलं.

२४ एप्रिल

फिल्म त्याच्या परसात धुतली, वाळवली. थोडे ओरखडे आले आहेत. लांबून दिसणार नाहीत. भाषण लिहायला घेतलं.

८ मे, रविवार

खेळ झाला.

तंबूत पोरं बरीच आली. सुटी आहे आणि आत सोडायला कोणी अडवत नव्हतं. पुढं अंबूबाई आणि आमची मंडळी शेजारी शेजारी बसल्या. माझं भाषण चित्रपटापेक्षा मोठं झालं. मध्येच पोरांनी शिट्ट्या मारल्या. उत्साह असतो.

पडद्यावर अंबूबाई लंगडत निघाल्या. पोरं हसली. माशी आली तेव्हा टाळ्या पडल्या. मग ते मूल उठलं आणि पळायला लागलं. सगळी पोरं ओरडायला लागली, "पळ! पळ!" मी पोरांकडून पडद्याकडं वळेपर्यंत चित्र संपलं.

परत लावा म्हणून गलका झाला. शमशुद्दीननं परत लावलं. या वेळी मूल मांडीवरून उठलं तेव्हा अंबूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "मास्तर, त्यो उठला न्हवता."

पोरं माझ्याकडं बघायला लागली.

"माझ्या मांडीवरच गेला की त्यो. तुमी भाईर सोप्यात पोरांची चित्रं तपासत बसलासा. दोनदा हाक मारली."

मी म्हटलं, चित्रपटात थोडा फेरफार चालतो. पडद्यावर मूल पळत होतं. तेवढ्यात आमची मंडळी उठून उभी राहिली. शमशुद्दीनला म्हणाली, "दादा, थांबवा जरा. तितंच थांबवा."

त्यानं हँडल थांबवलं. थांबवायचं नसतं. दिवा फिल्मच्या मागं असतो, फिल्म पुढं सरकत राहिली तरच ती वाचते, असं त्यानंच मला शिकवलं होतं. तरी थांबवलं. मूल एक पाय वर उचलून उभं राहिलं. मंडळी पडद्याजवळ जायला निघाली. ती पोचायच्या आत मुलाच्या पोटावर तपकिरी डाग पडला, तो पसरला, आणि पडदा पांढरा झाला. मागं फिल्मनं पेट घेतला. शमशुद्दीननं वाळू टाकली. तंबू वाचला.

मंडळी पांढऱ्या पडद्यासमोर उभी होती. अंबूबाईंनी जाऊन तिला धरलं. मी शमशुद्दीनला विचारलं, काही शिल्लक आहे का? म्हणाला, "काय न्हाय, मास्तर. माझी चूक झाली. पर वैनीनं आजवर माझ्याकडं काय मागितलं न्हवतं."

एकंदरीत खेळ यशस्वी म्हणावा लागेल. दोष तांत्रिक होता.

१५ मे

कागद आहेतच. पुन्हा फोटो घेता येतील. शमशुद्दीन तयार आहे. उद्यापासून सुरुवात.

मंडळी रोज दुपारी अंबूबाईंकडं जाते. तिथं बोलते. गल्लीतून जाताना ऐकलं, खूप वेळ बोलते, मध्ये रडते, एकदा हसलीही. दिनूनं चरवीत पाय घातला होता ती हकिकत सांगत होती. मी थांबलो नाही. घरी आल्यावर भाकऱ्या करते, वाढते. आता करपत नाहीत.

२२ मे

उकाडा फार. फोटोचं काम पावसाळ्यानंतर करावं.

गल्लीतली पोरं खेळाला 'पळणाऱ्या पोराचा सिनेमा' म्हणतात. अंबूबाईंचं नाव कोणाच्या तोंडी नाही. त्यांना सांगितलं. म्हणाल्या, "ब्येस झालं."

६ जून, सोमवार

शाळा उघडली. पहिला तास. मुलांना घागर काढायला दिली.

मागच्या बाकांवरून मुलांनी विचारलं, "मास्तर, पळणारं पोरगं परत कवा दावनार?"

फिल्म जळाली, असं सांगायचं होतं. तोंडून निघालं, "तो गेला."

मोठ्यानं निघालं. हे दोन शब्द मी यापूर्वी कोणासमोर उच्चारल्याचं आठवत नाही. मुलं पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली.

मग फळ्यावरची घागर पुसली आणि पुन्हा काढली. मुलांनीही पुन्हा काढली.