साडूची मिठाची बॅटरी

७ एप्रिल, मंठा
मेव्हणीचा नवरा भुजंग पुण्यात सोडियमची बॅटरी बनवून राह्यला. लिथियम महाग, म्हणून मिठातलं सोडियम. सासूबाई फोनवर माझ्या बायकोला, वंदनाला, अर्धा तास तेच सांगत होत्या. मी इतकी वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, त्यावर कधी एक मिनिट न्हाई. जळत बिलकुल न्हाई मी. फक्त विषय माझा आहे.

११ एप्रिल
भुजंगानं त्या बॅटरीची ट्रायलची स्कूटर आपल्याकडं पाठवली. "दादा, टेस्टला मराठवाड्याचं ऊन पाहिजे. तुमच्याशिवाय भरोसा कुणावर?" हो म्हणालो. निःपक्षपाती राहायचं ठरवलं. महिन्याभरात बंद पडेल.

१६ एप्रिल, दुपारी
स्कूटर भर उन्हात, मी लिंबाखाली. सीटवर पापड भाजावा असं ऊन. संध्याकाळी बटण दाबलं, लगेच चालू. सुरुवातीला असं होतंच.

२२ एप्रिल
पुढं गव्हाचं पोतं, मागं वंदना, धान्याच्या मोंढ्यातून घरापर्यंत. वंदना म्हणाली, गाडी मस्त हाय. तिला यातलं कळत न्हाई.

१ मे
बॅटरी शून्यावर आणली अन् तशीच ठेवली. उतरलेली बॅटरी पडून राहिली की खलास, हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो. शास्त्रासाठी करून राह्यलो. वंदनानं विचारलं, चार्जर कुठं गेला? म्हणालो, सापडेल. चार्जर माझ्या शर्टांखाली आहे.

१२ मे
चार्जर "सापडला". बॅटरी भरली! पहिल्यासारखीच पळती. भुजंगाचा फोन, आनंदानं आवाज चिरकलेला. "दादा, सोडियमला शून्य चालतं, हेच आम्हाला दाखवायचं होतं. तुम्ही न सांगता केलंत!"
आमचं पुस्तक जुनं आहे. त्यात माझा काय दोष?

२५ मे, अंबड
सासुरवाडीत भुजंगाचा सत्कार. प्रमोशन झालं. त्यानं टीव्हीवर आलेख लावला. गाडीची माहिती रोज आपोआप कंपनीत जात होती म्हणे: किती ऊन, किती वजन, किती दिवस शून्यावर. हे मला कुणी सांगितलं न्हाई. मंग तो म्हणाला, "सगळ्यात कडक टेस्ट दादांनी केली. माझं प्रमोशन त्यांच्यामुळं."
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.
सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "जावईबापू, भुजंगरावासाठी उन्हातान्हात किती जळलात हो तुम्ही!"
वंदना एवढी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.