चुन्याच्या पाण्यात आंबट

७ नोव्हेंबर
नाही म्हणजे नाही! चौथा पंप बंद करायच्या कागदावर मी सही केली नाही. वारा डोंगराकडे असला की एक पंप बंद, तेवढीच वीज वाचते — ही आमच्या कोळशाच्या वीजकेंद्राची जुनी रीत. चुनखडीच्या पाण्याचा फवारा कमी झाला की गंधकाचा वायू धुराड्यातून तसाच सुटतो. थंडीत सकाळी हवा खोऱ्यात बसून राहते आणि सगळं आमच्या हुआय साक गावावर उतरतं. विरोत साहेब म्हणाले, "कन्निका, डोंगरावर कोण राहतं गं?" म्हटलं, "डोंगरावर कुणी नाही. खाली माझी आई राहते."

८ नोव्हेंबर
आईच्या घेवड्याची पानं पुन्हा भाजल्यासारखी झालीत. "बघ पोरी, तुझ्या धुराड्याने आहेर पाठवलाय." गालात आंबवलेल्या चहाची पानं धरून हसली, मग खोकत राहिली.

१४ नोव्हेंबर
फवाऱ्याचा थेंब वायू शोषून आंबट झाला की आणखी घेत नाही. तो आंबटपणा सावरून धरणारं काहीतरी हवं, मग तीन पंपही पुरतील. टॅपिओकापासून लिंबाचं सत करणाऱ्या कारखान्याचं टाकाऊ पाणी आणलं. काट्याने काटा काढायचा! बाटलीत चार वेळा जमलं.

२ डिसेंबर
"चुन्यात लोणचं घालतेस?" — साहेब. सगळी कंट्रोल रूम हसली. हसू देत. एक आठवडा मागून घेतला. फसलं तर सही करायची, असं ठरलं.

९ डिसेंबर
उद्यापासून सुरू. पंपावरच्या इंथा काकांनी फाटकाजवळच्या देवळीत रक्षकदेवापुढे लाल सरबताची बाटली ठेवली. म्हणाले, "देवाला गोडच लागतं. त्याला तुझं आंबट पाजू नकोस."

१० डिसेंबर
फसलं. टाकीतून फेस उतू गेला, काकांच्या बुटांत शिरला. साहेबांनी सहीसाठी पेन पुढे केलं. म्हटलं, अजून सहा दिवस आहेत.

१५ डिसेंबर
काकांनीच तोड काढली — आंबट पाणी दोन दिवस उघड्या हौदात ठेवायचं, वरची साय काढून टाकायची. आज तीनच पंपांवर शंभरातला सत्त्याण्णव भाग वायू धरला. चार पंपांवर कधी एक्क्याण्णवच्या पुढे गेलो नव्हतो! साहेबांनी पेन खिशात घातलं.

२० जानेवारी
घेवड्याला नवी पानं. एकावरही डाग नाही. आई रात्रभर झोपते. मी जिंकले.

३ फेब्रुवारी
मला बढती. साहेब भलतेच खूश. "तुझ्यामुळे आता गंधकाने भरलेला कोळसाही जाळता येईल. धुरापायी इतकी वर्षं आम्ही तो खणतच नव्हतो." कुठे आहे तो, विचारलं. त्यांनी नकाशावर हुआय साकवर बोट ठेवलं.

४ फेब्रुवारी
आईच्या अंगणात मोजणीवाल्यांनी खाणीच्या हद्दीच्या खुंट्या ठोकल्यात. मी चारही उपटल्या आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.