पोचेच्या कार्डावरचं चांदणं

१७ नोव्हेंबर १९५८

शाई संपली! तीन आठवड्यांत अख्खी दौत. उद्धवराव म्हणाले, "मास्तर, पेढीचा नफा तुमच्या टाकातून वाहून चाललाय." हसत म्हणाले— पण म्हणाले.

खरं तर चूक त्यांचीच. चिंचवड स्टेशनाजवळ पैसे पोचवायची पेढी काढायची आणि पाटीवर लिहायचं, 'तुमचे पैसे घरी, घरचं बोलणं तुमच्या हाती.' मग माझ्यासारख्याला मोह होणारच. कारखान्यातला माणूस पगार झाला की इथं पैसे भरतो. आमचा माणूस ते सायकलवरून त्याच्या गावी नेतो, घरच्यांच्या हातात देतो, आणि ते जे बोलतील ते ध्यानात ठेवून परत येतो. मी ते कार्डावर उतरवतो. हीच पोच. अंगठा वेगळ्या वहीत असतोच, पण अंगठे सगळे सारखे दिसतात. बोलणं ज्याचं त्याचं. माणूस कार्ड वाचतो आणि मान हलवतो— हां, ही आमचीच.

नाही पटलं तर तक्रारवही आहे. लाल पुठ्ठ्याची, खिळ्याला टांगलेली. तीही माझ्याकडेच. प्रत्येक तक्रारीला पंधरा दिवसांत लेखी उत्तर— यात उद्धवराव सख्ख्या भावालाही सवलत देत नाहीत.

छत्तीस वर्षं मुलांना कविता शिकवल्यावर म्हातारपणी अशी गोड नोकरी! ही म्हणते, "घरात तुमचं कुणी ऐकत नाही, म्हणून निघालात."

१९ नोव्हेंबर

खेडच्या पलीकडची फेरी करून बरकत आज दुपारी आला. सायकल ओट्याच्या खांबाला टेकवली, तांब्याभर पाणी प्यायला, डोळे मिटले आणि सुरू. एकवीस घरं, एकवीस बोलणी. जसंच्या तसं— म्हातारा मध्ये खोकला असेल तर तो खोकलासुद्धा! लिहिता-वाचता येत नाही गड्याला. लहानपणी चाकणच्या बाजारात कांद्याचे भाव ऐकून साऱ्या पेठेत तोंडपाठ सांगत फिरायचा म्हणे. असा एक मुलगा माझ्या वर्गात असता तर!

तो बोलायला लागला की माझं तळेगाव सुरू होतं. चौथीचा वर्ग. कौलातून पडलेला उन्हाचा चौकोन एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकतोय. चाळीस मुलं एका सुरात म्हणताहेत, आणि शेवटचं कडवं आलं की घरी जायच्या आनंदानं आवाज उगाच मोठा. त्या सुरात जन्म काढलेल्या माणसानं 'शेळी व्याली, दोन झाली, पैसं पोचलं' असं कार्ड लिहायचं? मी लिहिलं— 'अंगणी बागडती दोन नवी पावले, तुमचे प्रेम घरी पोचले.' शेळी आहेच त्यात. नीट पाहिलं की दिसते.

मग शालनबाईंचं. या म्हणजे औषधाच्या कारखान्यातल्या हिंदुरावच्या आई. गावी एकट्याच राहतात. काल मंगळवारी बरकतनं पैसे हातात ठेवल्यावर त्यांचं बोलणं एवढंच: 'पैसं मिळालं. पाय सुजलाय. जमलं तर ये, मुडद्या.'

तीन वाक्यं म्हणजे तीन दगड! शिवी तर जाणारच, तिथं 'बाळा' आलं. पण सूज काही केल्या ओळीत बसेना. पाऊण तास गेला. अखेर साधलं— 'अंगणी चांदणे सांडले, त्यात तुझ्या वाटेची रेघ दिसते, बाळा.' 'ये' हा शब्द नाही, मान्य. पण सगळी ओळच 'ये' म्हणते आहे!

स्वतःवर फार खूष. दोन पेढे आणले.

२१ नोव्हेंबर

आज तीन तक्रारी. एकाला दुसऱ्याचं कार्ड गेलं, 'गाय गाभण आहे' असं. त्याच्याकडे गाय नाही, लग्नही नाही. दोन तास चिडलेला होता. दुसऱ्याचं नाव चुकलं. तिसऱ्याचं म्हणणं, "बायकोनं पैशाचं विचारलं, माझं न्हाई विचारलं." उद्धवराव त्याला म्हणाले, ही तक्रार पेढीची नाही, संसाराची आहे. तरी लेखी उत्तर गेलंच. मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्यांनी तीन खोडल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

कारखाना बंद, ओट्यावर गर्दी. हिंदुरावनं कार्ड वाचलं. परत वाचलं. उलटं करून पाठही पाहिली. मग तक्रारीच्या बाकावर जाऊन बसला. तिथं बसणाऱ्याला आधी चहा द्यायचा आणि मगच टाक उचलायचा, असा पेढीचा नियम. त्यानं चहा घेतला नाही.

"लिवा मास्तर. ही माझी आई न्हाई."

मी म्हणालो, आईच्या पोटात काय काय असतं, ते एखाद्या वेळी ओठावर येतं.

"माझ्या आईनं जल्मात मला बाळा म्हणलं न्हाई. मुडद्या म्हणती. ह्या कार्डातली बाई कोन हाय मला ठावं न्हाई. माझं पैसं हिला गेल्यात."

तक्रार क्रमांक अठ्ठावीस. 'तक्रार कुणाविरुद्ध' या रकान्यात माझ्याच वळणदार अक्षरात— पैसे पोचवणारा बरकत. तक्रार मिटेपर्यंत पोचवणाऱ्याची सायकल साखळीनं खांबाला बांधायची. खरी ठरली तर तो कायमचा घरी. उद्धवरावांनी कुलूप घातलं. बरकतनं सीटवरची धूळ तेवढी बाहीनं पुसली.

सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण गर्दी फार होती.

२४ नोव्हेंबर

आज गर्दी नव्हती. तरी नाही सांगितलं.

अशा तक्रारीत खुणेचा प्रश्न पाठवतात. तक्रारदारानं असं काही विचारायचं की ज्याचं उत्तर फक्त त्याच्या घरच्यालाच ठाऊक. दुसरा माणूस तो प्रश्न घेऊन जातो. हिंदुरावनं बराच विचार करून दिला— "लहानपनी मी हिरीत काय टाकलं हुतं?" चिमाजी नेणार. चिमाजी म्हणजे पेढीतला सर्वांत सावकाश माणूस. त्याच्या सासुरवाडीचं लग्न आटोपल्यावर त्या बाजूला निघेल म्हणाला. तोवर बरकत बिनकामाचा.

मनाशी म्हटलं— उत्तर बरोबर येईल, बरकत सुटेल, माझं नावही निघणार नाही. मन किती पटकन हिशेब करतं! गणितात मी इतका कधीच हुशार नव्हतो.

२६ नोव्हेंबर

बरकत देहूरोडहून चालत आला. काम आहे का विचारलं, नाही कळल्यावर खाली बसून कुलूपबंद सायकलच्या साखळीला तेल दिलं आणि चालत गेला.

२८ नोव्हेंबर

कबुली लिहायला बसलो. पहिली ओळ चांगली जमली. दुसरीला यमक शोधत राहिलो. यमक! लाज वाटून कागद फाडला.

जेवण जाईना. हिनं विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, हसेल. चाळीस वर्षं माझ्या कवितांना हसत आली आहे, त्यात काही कमीपणा नाही. हसली नाही.

"पाय सुजलाय हे तुम्हाला कळलं होतं?"

म्हटलं, हो.

"आणि तुम्ही चांदणं लिहिलंत."

मी म्हटलं, आता प्रश्न बरकतचा आहे. तिनं ताटात भात वाढला, वरण वाढलं. मग म्हणाली, "मी गुडघे दुखतात म्हणते, तेव्हा तुम्ही काय ऐकता कोण जाणे." उठून आत गेली.

मला इतके दिवस फक्त बरकतची सायकल दिसत होती. म्हातारीचा पाय आज दिसला.

१ डिसेंबर

सांगितलं.

शनिवार-रविवार धीर गोळा करण्यात गेले— खोटं कशाला लिहू, पडशाचं निमित्तही होतं. आज संध्याकाळी बरकत आला तसा त्याला म्हटलं, चल माझ्याबरोबर पिंपरीला. हिंदुराव तिथं गावात खोली घेऊन राहतो. रस्त्यात सगळं कबूल केलं. शेळीचं, चांदण्याचं, सगळ्याच कार्डांचं. मला वाटलं, ओरडेल. त्यानं चाल तेवढी मंद केली.

मग म्हणाला, "मास्तरसाब, मी येताना रस्त्यात कुणाशी बोलत नाही. कुणी हाक मारली तर हात करतो फक्त. बोललो तर आतलं सांडेल म्हणून. खेडपासून चिंचवडपर्यंत तोंड बंद. आणि इथं आणून तुमच्या टेबलावर ठेवायचो."

मला तर वर्गाबाहेर उभं राहिल्यासारखं झालं. मी किती मुलांना तसं उभं केलं होतं, तेही आठवलं.

हिंदुराव नुकताच शिफ्टवरून आला होता. स्टोव्ह पेटवत होता. मी म्हटलं, कार्डावरची ओळ माझी, तुझ्या आईची नव्हे. त्याला समजेना. तेव्हा बरकतनं दारातच उभं राहून डोळे मिटले आणि अगदी बाईच्या हेलात म्हणाला, "पैसं मिळालं. पाय सुजलाय. जमलं तर ये, मुडद्या."

हिंदुरावचा चेहरा एकदम उजळला— आई भेटली! आणि तसाच विझला.

"कदी बोलली ह्ये?"

"मागच्या मंगळवारच्या आधीच्या मंगळवारी."

त्यानं स्टोव्ह बंद केला. पिशवीत धोतर कोंबलं. आताची गाडी गेली असेल, पहाटेची मिळेल, असं बरकत सांगत होता. माझ्याकडे हिंदुरावनं पाहिलंच नाही.

२ डिसेंबर

उद्धवरावांपुढं उभा राहिलो. त्यांनी मागची सगळी कार्डं आठवून आठवून विचारली. त्या कुणाची तरी 'श्यामल मेघांची माया' म्हणजे काय होतं? म्हटलं, म्हैस. डोक्याला हात लावून बसले.

काढलं नाही. सांगितलं ते एवढं: यापुढं बोलेल तसं लिहायचं, लिहिलेलं बरकतला वाचून दाखवायचं, आणि तो हो म्हणेपर्यंत कार्ड टेबलावरून हलवायचं नाही. "पेढी आहे मास्तर, शाळेचं संमेलन नाही." कुलूप मात्र मला काढायला लावलं, सगळ्यांसमोर. किल्ली फिरेना. शेवटी बरकतनंच फिरवली.

दिवेलागणीला चिमाजी डुलत डुलत आला. खुणेचं उत्तर बरोबर: देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. अंघोळ घालायला टाकला होता म्हणे! सगळं मिटलंय कळल्यावर चिमाजी नाराज. दोन डोंगर उगाच चढलो म्हणाला.

६ डिसेंबर

हिंदुराव परतला. आईच्या पायात बाभळीचा काटा मोडून आत पिकला होता. बैलगाडीनं खेडच्या दवाखान्यात नेलं, चिरा दिला. आता काठी टेकून अंगणात फिरते आहे आणि दिवसभर शिव्या देते आहे, म्हणजे बरी आहे. माझ्यासाठी शेंगा आणल्यात. शेंगा! मला शब्द सुचेना, ते एक बरंच झालं.

कार्ड आईला वाचून दाखवलं म्हणाला. मी न राहवून विचारलं, काय म्हणाल्या?

"गप बसली. मग म्हणली, परत वाच."

तक्रार क्रमांक अठ्ठावीस— मिटली. घरी येऊन हिला सांगितलं, माझी ओळ त्या बाईनं दोनदा वाचून घेतली! ही शेंगा सोलत होती. सोलतच राहिली. पण मी आज आठ दिवसांनी पोटभर जेवलो. हिच्या गुडघ्यांना तेलही चोळलं.

८ डिसेंबर

आजचं एक कार्ड, जसं बोललं तसं: 'म्हैस आटली. कंदील आण. दादू चालाय लागला.' तिसऱ्या वाक्याला बरकतचाच आवाज हलला. मी काहीही केलेलं नाही.

११ डिसेंबर

तक्रार क्रमांक एकतीस. पैसे घेणाऱ्याकडून आलेली पेढीतली पहिलीच. बरकतनं डोळे मिटून सांगितली, मी लिहिली, वाचून दाखवली, तो हो म्हणाला.

तक्रारदार: शालनबाई. तक्रार कुणाविरुद्ध: कार्ड लिहिणारे मास्तर.

'मी ये म्हणले हुते. चवदा दिस दोघांची भाकर टाकली. पैसं हुकलं तर पेढी भरून देती म्हणं. ह्ये कसं भरून देनार, तेवढं कळवा.'

उत्तराची मुदत पंधरा दिवस.